पंच्याहत्तर टक्के हजेरी आणि नऊ महिने

शाळा-कॉलेजात हजेरीपटाइतकी निःपक्षपाती वस्तू दुसरी नाही, असा आपला समज असतो. तो जात विचारत नाही, मजहब विचारत नाही, बाप काय करतो हे विचारत नाही. आलात तर हजर, नाही आलात तर गैरहजर. मी रोज सकाळी तो भरते, स्वतः मस्टरवर सही करते, त्यामुळे त्याच्याविषयी मला आदरच आहे. पण गेली काही वर्षे एक प्रश्न मनातून जात नाही. सर्वांना एकाच मापाने मोजणे म्हणजे न्याय, हे जर खरे असेल, तर पोटात मूल असलेली विद्यार्थिनी आणि तिच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा यांना एकाच मापाने मोजल्यावर आपल्याला अस्वस्थ का वाटते?

आमच्या कर्नाळ्याच्या पट्ट्यात विद्यापीठ म्हणजे मुंबई विद्यापीठ. १८५७ चे, मोठ्या नावाचे. पण इथल्या बहुतेक मुलींनी त्याची इमारत पाहिलेली नसते. त्यांना ते भेटते पनवेल-पेणच्या संलग्न कॉलेजांत, गुणपत्रिकेवरच्या शिक्क्यात आणि पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या नियमात. अभयारण्यातले पक्षी पाहायला मुंबईहून माणसे येतात, किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका एकमेकांना बोटाने दाखवतात आणि संध्याकाळी परत जातात. त्याच रस्त्यावर सकाळी आमच्या मुली एसटीची वाट पाहत उभ्या असतात. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ साली सुरू झाले आणि नंतर वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले, हे कोकणात जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणतात, धक्के टाळा. कॉलेज म्हणते, हजेरी पूर्ण करा. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधे ती मुलगी एसटीच्या दांडीला धरून उभी असते.

बी.एड. दोन वर्षांचे झाले त्यानंतरच्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एकीत मी होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने वर्गातल्या कामासाठी ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपसाठी ९० टक्के हजेरी ठरवली. आमच्या वर्गात बायका जास्त, त्यातही लग्न झालेल्या पुष्कळ. बी.एड. हा तर आपल्याकडे मुलीच्या बायोडेटात शोभणारा आणि लग्नानंतरही 'चालणारा' अभ्यासक्रम समजला जातो. म्हणजे जिथे विद्यार्थिनी बहुधा पंचवीसच्या आसपासची आणि विवाहित असणार हे सर्वांना आधीपासून ठाऊक आहे, तिथे नियम मात्र असा, की जणू या वयात बाई गरोदर राहते हे कोणाला माहीतच नाही.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण दुसऱ्या वर्षी गरोदर राहिली. इंटर्नशिपमध्ये तिने नववा महिना लागेपर्यंत फळ्यापुढे उभे राहून लेसन घेतले. खुर्ची होती, पण बसून लेसन घेतला तर गुण जातील ही धास्ती. एका पाठ टाचणावर निरीक्षकांचा शेरा होता : 'वर्गात वावर कमी'. ती वाचून हसली होती. दुसरी एक होती, तिने पाचव्या महिन्यातच फाइल कपाटात ठेवली. 'नंतर पूर्ण करीन' म्हणाली. आता तिचे मोठे मूल आमच्याच शाळेत शिकते आणि ती पालकसभेला येते तेव्हा मला 'बाजी' म्हणते. आम्ही एका बाकावर बसत होतो.

याला कोणी जुलूम म्हणणार नाही, कारण कोणीच तिला काढून टाकलेले नाही. नियम होता, तो लागू झाला. नियमाने ज्याचे नुकसान होते त्याला शत्रू सापडत नाही, म्हणून त्याला तक्रारही सापडत नाही.

कागदावर मात्र आता बरेच काही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा दिली. पण तीन वर्षांची बी.ए. करणारी मुलगी पीएच.डी.पर्यंत पोहोचेल तेव्हा ना! मग १४ डिसेंबर २०२१ रोजी आयोगाने सर्व विद्यापीठांना पत्र लिहिले, की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे, हजेरीतल्या सूटीचे, परीक्षा अर्जाची मुदत वाढवण्याचे नियम तुम्ही करा. केरळात कोट्टयमच्या महात्मा गांधी विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये साठ दिवसांची रजा मंजूर केली, मार्च २०२३ मध्ये केरळ विद्यापीठाने सहा महिन्यांची. नियम करा असे सांगणारे पत्र आणि प्रत्यक्ष नियम यांत किती अंतर असते, हे शाळेत परिपत्रकांची फाइल सांभाळणाऱ्या कोणत्याही शिक्षिकेला विचारा.

कोर्टातही हा प्रश्न गेला, आणि कोर्टांनी दोन्ही तऱ्हेची उत्तरे दिली. २०१८ साली दिल्लीत कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने बाळंतपणामुळे हजेरी कमी पडली म्हणून दाद मागितली. नियमात सूट नाही, म्हणून तिला दिलासा मिळाला नाही. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीच्या प्रकरणात उत्तर प्रदेशच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या विद्यार्थिनींसाठी नियम करायला सांगितले. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली ती तर एम.एड.ची विद्यार्थिनी, म्हणजे आमच्याच बिरादरीतली. मेरठच्या विद्यापीठाने तिची रजा 'तरतूद नाही' म्हणून नाकारली होती. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि उच्च शिक्षणाचा हक्क व आई होण्याचा हक्क यांपैकी एक निवडायला कोणाला भाग पाडता येणार नाही, असे स्पष्ट केले. तिच्याजवळ वकील होता. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीजवळ एसटीचा पास होता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. अशी सूट देणे म्हणजे समानतेला छेद देणे आहे काय? स्टाफरूममध्ये हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे, तोही बायकांच्याच तोंडून : 'आम्ही नाही का केले? कोणी सवलत दिली होती आम्हाला?'

या प्रश्नावर जगातली मोठमोठी डोकी घसरली आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या खटल्यात असा निवाडा दिला, की आजारपणाच्या विम्यातून बाळंतपण वगळणे हा स्त्रियांबाबतचा भेदभाव नव्हे. युक्तिवाद मजेशीर होता. भेद गरोदर माणसे आणि गरोदर नसलेली माणसे यांत केला आहे, स्त्री-पुरुषांत नाही. गरोदर नसलेल्या माणसांत बायकाही आहेत! दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, तिथल्या संसदेला कायदा करून हा निवाडा पुसावा लागला. आपल्याकडे १९८१ साली एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा या खटल्यात हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणात नोकरीवरून काढण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तो नियमही सर्व हवाई सुंदरींना सारखाच लागू होता. सारखेपणाने लागू होणे ही नियमाची अगदी पहिली पायरी आहे, तेवढ्यावर न्यायाचा दाखला मिळत नाही.

शिवाय हजेरीपट तरी खरोखर एकाच मापाचा असतो का? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेलेला खेळाडू, एन.सी.सी.च्या कॅम्पला गेलेला कॅडेट, युवक महोत्सवात नाटक करणारा मुलगा यांची गैरहजेरी बहुतेक कॉलेजांत भरून दिली जाते. ते योग्यच आहे. त्यांनी कॉलेजचे नाव केले असे आपण मानतो. दहावीच्या परीक्षेत हात मोडलेल्या मुलाला लेखनिक मिळतो, वाचनात अडचण असलेल्याला जादा वेळ मिळतो, आणि कोणतीही आई म्हणत नाही की माझ्या धडधाकट मुलावर अन्याय झाला. म्हणजे माप वाकवायला आपली हरकत नसते. कोणासाठी वाकवायचे, एवढाच वाद असतो.

'पण मूल होऊ देणे ही तिची मर्जी. हात कोणी मर्जीने मोडून घेत नाही.' हे दुसरे उत्तर मला जास्त विचार करायला लावते. मर्जी! आपल्या घरांत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचे लग्न कधी करायचे, मूल कधी होऊ द्यायचे, यात तिची मर्जी किती असते हे आपण सगळे जाणतो. नातेवाइकांत स्थळ आले, मुलगा आखातातून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला आहे, निकाह आत्ताच उरकू, शिक्षण पुढे चालूच राहील. सासरचे 'चालू राहील' म्हणतात तेव्हा बहुधा खोटे बोलत नसतात. पण सुट्टी संपून मुलगा परत जातो आणि इथे तिसऱ्या महिन्यात उलट्या सुरू होतात. मर्जी घरच्यांची, वेळ आखाताची, आणि हजेरी तिची. आणि समजा, पूर्ण तिचीच मर्जी आहे. विचार करून, नवऱ्याशी बोलून तिने मूल हवे म्हटले आहे. तरी काय? विद्यापीठ ज्या वयाच्या माणसांना शिकवायला बसले आहे, ते वयच लग्न-मुलांचे आहे. त्या वयातल्या बाईचे शरीर हा अपवाद समजून नियम लिहिणारे लोक कोणाचे शरीर डोळ्यांपुढे ठेवून लिहीत होते, हा खरा प्रश्न आहे.

याहून अवघड हरकत तिसरी आहे आणि ती आपल्याच माणसांनी घ्यावी अशी आहे. पदवीच्या मुलींना प्रसूती रजा दिली तर लवकर लग्न करण्याला प्रोत्साहनच मिळणार नाही का? आज निदान 'परीक्षा आहे' म्हणून मुलगी दोन वर्षे थोपवू शकते. उद्या सासू म्हणेल, 'रजा आहे ना कॉलेजात? मग अडचण काय?' ही भीती मला खोटी वाटत नाही. आमच्या दहावीच्या वर्गात मी स्वतः मुलींना सांगते, डिग्री हातात येईपर्यंत थांबा. सच्चर समितीने २००६ साली सांगितले होते की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर चार टक्क्यांहून कमी आहेत. त्यानंतर मुली पुष्कळ पुढे आल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहते आहे. त्या वाटेवर कोणी सोय म्हणून खड्डा खणू नये.

तरीही मी रजेच्याच बाजूने आहे. कारण लग्न हजेरीच्या नियमामुळे थांबत नाही. थांबते ते आईच्या हिमतीमुळे, बापाच्या समजुतीमुळे, मुलीच्या हट्टामुळे. नियम कडक ठेवून आपण एकही निकाह पुढे ढकललेला नाही. झाले एवढेच, की निकाह झालेल्या मुलीचे शिक्षण संपले. लवकर लग्नाशी जे भांडण आहे ते बापांशी, मामांशी, मस्जिदीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या चाचांशी भांडावे. त्यांच्याशी भांडायचे धाडस नाही म्हणून गरोदर मुलीला परीक्षेबाहेर ठेवून धडा शिकवायचा, ही कुठली सुधारणा?

चौथी गोष्ट खर्चाची, आणि इथे मला स्टाफरूममधल्या त्या बायकांची बाजू घ्यावीशी वाटते. एखादी आपा सहा महिने रजेवर जाते तेव्हा तिचे तास कोण घेते? बदली शिक्षिका मिळत नाही, मिळाली तर तिला पगार नाही. मग ज्यांची मुले मोठी झाली, किंवा ज्यांना मूल नाही, किंवा ज्यांचे लग्नच झालेले नाही, त्यांच्या वेळापत्रकात ते तास जातात. मूल नसलेल्या बाईला दुसरीच्या बाळंतपणाचे तास घ्यायला लावणे आणि वर तिने हसतमुख राहावे अशी अपेक्षा करणे, ही क्रूरता कोणाच्या लक्षातही येत नाही. तिचा राग गरोदर बाईवर निघतो. संस्था बाजूला राहते.

डॉ. आंबेडकरांनी हे १९२८ सालीच पाहिले होते. गिरणी-कारखान्यातल्या स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात आले तेव्हा त्यांनी पाठिंबा दिला. आईला प्रसूतीआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. आणि मालकालाही त्या बाईच्या श्रमाचा फायदा होतो म्हणून तोही सुटू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, देशातला अशा तऱ्हेचा पहिला. त्याच्याही आधी, १९२४ साली, ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात असे विधेयक आणले होते, ते संमत झाले नाही. हे जोशी आमच्याच जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे. आमच्या मुलांना ते माहीत नसतात. मलाही ते पाठ्यपुस्तकातून कळले नाहीत.

शंभर वर्षे होत आली. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, २०१७ मध्ये त्यात झालेली सव्वीस आठवड्यांची वाढ, पन्नास कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सक्ती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळे सामाजिक सुरक्षा संहितेत आले. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही हा लाभ दिला. २०२३ मध्ये सांगितले की कंत्राट संपले तरी लाभ संपत नाही. मे २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका सरकारी शिक्षिकेच्या प्रकरणात प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा भाग मानला. आणि तरी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला विचारा. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. तिच्या बाळंतपणाचे सव्वीस आठवडे म्हणजे सव्वीस आठवड्यांचे शून्य तास. खासगी शाळांतल्या मुलाखतीत तर हा प्रश्न आधीच निकालात काढतात. एका संस्थेत मला विचारले होते, 'लग्नाला किती वर्षे झाली? मग आता पुढचा विचार काय?' विषय-ज्ञानावर एकच प्रश्न विचारला, तोही सोपा.

काम आईच्या शरीराला जागा देत नाही तेव्हा शरीरच कामाप्रमाणे कापून घेतले जाते. हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी सरकारी समितीने केली. ८२ हजारांवर स्त्रियांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली, त्यातल्या पुष्कळ तरुण. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, पाळी आणि पोटदुखी परवडत नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण म्हणून पुढे आले. कॉलेज आणि फड यांची तुलना कोणाला अतिरेकी वाटेल. पण खाडा आणि 'गैरहजर' हे दोन शब्द मला एकाच घरचे वाटतात.

आता थोडे आपल्या घरातले. रमजानमध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजा न ठेवण्याची मुभा आहे, हे आपल्याकडे पाच-सहा वर्षांच्या पोरालाही माहीत असते. तो विचारतो, 'अम्मी रोजा का नाही ठेवत?' नानी सांगते, 'तुझा भाऊ येणार आहे.' विषय संपला. फिकहमध्ये याला रुखसत म्हणतात. मूळ हुकूम ती अजीमत, आणि अडचणीत सापडलेल्यासाठी त्याच शरीयतने ठेवलेली वाट ती रुखसत. बारकाव्यांत मतभेद आहेत. हनफी म्हणतात, नंतर कजा रोजे ठेवले की झाले. आपण कोकणी मुसलमान शाफई. केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल तर आपल्याकडे कजाबरोबर फिदयाही सांगितला जातो. मूळ गोष्टीवर मतभेद नाही.

या रुखसतीची रचना मला विलक्षण नेमकी वाटते. रोजा माफ होत नाही, तो पुढे जातो. बाईला कमी दर्जाची मोमिन ठरवले जात नाही. तिला कोणाच्या दारात जाऊन मंजुरी आणावी लागत नाही. स्वतःची प्रकृती तिला कळते आणि जाणत्या तबीबाला विचारता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, ही वाट नियमाच्या आतच आहे. कोणी दयाळू काझी भेटला तर मिळेल, नाही तर नाही, अशी ती नाही. विद्यापीठाची सवलत मात्र नेमकी तशी असते. प्राचार्य भले असले तर 'बघू, सांभाळून घेऊ'. प्राचार्य बदलले की सांभाळणे संपले. 'सांभाळून घेणे' हा शब्दच बघा. ज्याला सांभाळून घेतले तो कायमचा ऋणी राहतो, आणि बाळंतपणानंतर परत आलेली मुलगी वर्गात मागच्या बाकावर ऋणी चेहऱ्याने बसते.

रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम जमातीची नमाज लांबवायच्या इराद्याने उभे राहत आणि मूल रडताना ऐकले की नमाज आटोपती घेत, कारण त्या मुलाच्या आईला त्रास होऊ नये. ही हदीस आपण किती वेळा ऐकली आहे. पण तिचा एक अर्थ मला शिक्षिका झाल्यावर लक्षात आला. त्या आईला वेगळे काढून कोपऱ्यात सवलत दिली गेली नाही. सगळ्या जमातीची नमाज तिच्या मापाने झाली, आणि पहिल्या सफेतल्या लोकांना कदाचित कारणही कळले नसेल. हजरत उमर यांच्याविषयीची रिवायतही अशीच. मूल दूध तुटल्यावर वजीफ्याला पात्र होईल असा नियम त्यांनी केला होता. एका रात्री मूल सारखे रडताना ऐकून चौकशी केली, तेव्हा कळले की वजीफा लवकर मिळावा म्हणून आई त्याचे दूध वेळेआधी तोडते आहे. त्यांनी नियम बदलला. वजीफा जन्मापासून सुरू. त्या आईला समज देऊन ते घरी परत गेले नाहीत. चूक नियमात होती आणि तो आपणच केला होता, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडच्या अभ्यासमंडळांत आणि विद्यापरिषदेत बसणाऱ्यांपैकी किती जणांनी रात्री असे रडणे ऐकले आहे?

अडचण आपल्या बाजूनेही आहे. आपल्याकडे हमल पहिले तीन महिने कोणाला सांगत नाहीत. नजर लागेल ही भीती, आणि लाजही. अशा मुलीने ऑफिसच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहून पुरुष कारकुनाला सोनोग्राफीचा कागद दाखवायचा? ती वर्ष सोडून देईल, पण हे करणार नाही. हजरत मरियमच्या प्रसववेदनांचे वर्णन कुराणात आहे. एकटी, खजुराच्या झाडाला टेकलेली. तिथे तिला प्रथम मिळते पाणी आणि खजूर; आणि लोक भेटले तर आज बोलणार नाही असे खुणेने सांग, अशी सूचना. आधी पाणी, खुलासा नंतर. आमच्या कॉलेजांत क्रम उलटा असतो. म्हणून नियम केला तर तो सांभाळणारी एखादी स्त्री प्राध्यापिका असावी, कागद तिच्याकडे बंद पाकिटात जावा आणि हजेरीपटावर कारण लिहिले जाऊ नये, एवढे तरी पाहावे.

रायगड जिल्ह्यात राहून हिरकणीची आठवण टाळता येत नाही. दूध विकायला गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हे मूल, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला, त्याला तिचे नाव दिले, अशी आख्यायिका आहे. आमच्या मुली सहलीला जातात तेव्हा मी ती सांगते आणि त्या डोळे विस्फारून ऐकतात. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारले, 'मॅडम, पण मग बुरूज बांधल्यावर पुढच्या वेळी ती कशी उतरली असेल?' गडाच्या सुरक्षेसाठी बुरूज बांधणे बरोबरच होते. किल्ला तो, शत्रू चढू शकला असता. पण कॉलेज हा किल्ला नव्हे. तिथे दरवाजाची वेळ बदलता येते. आता एसटीच्या स्थानकांवर तिच्या नावाचे हिरकणी कक्ष आहेत, बाळाला पाजण्यासाठी. कॉलेजांत किती आहेत? आणि स्थानकांवरचे कक्षही कधी कुलूपबंद, कधी आत झाडू आणि मोडक्या खुर्च्या.

मागण्या तशा फार मोठ्या नाहीत. पोट आलेल्या मुलीचा परीक्षा क्रमांक तळमजल्यावर यावा. तीन तासांच्या पेपरात तिला बाथरूमला दोनदा जाता यावे आणि तो वेळ वाढवून मिळावा. रसायनशास्त्राच्या, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्या द्रव्यांचा वास तिने घेऊ नये, ते प्रयोग नंतर करता यावेत. इंटर्नशिपचे उरलेले आठवडे पुढच्या तुकडीबरोबर भरून काढता यावेत, अख्खे वर्ष पुन्हा न करता. म्हणजे कजा, माफी नव्हे. लेसन बसून घेतला तर गुण जाऊ नयेत. तासिका तत्त्वावरच्या बाईला बाळंतपणाच्या काळात मागच्या सत्राच्या सरासरीने मानधन मिळावे, आणि तिच्या जागी येणारीला वेगळे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त बैठक व्यवस्था करणाऱ्याने यादी बघायची असते. शेवटच्या गोष्टीला पैसा लागतो आणि तो कोणी द्यायचा याचे उत्तर १९२८ च्या त्या भाषणात आहे.

यंदा जूनमध्ये आमच्या शाळेतून पास झालेल्या एका मुलीची आई दाखला न्यायला आली होती. मुलीला अकरावी, मग बी.ए., मग डी.एड. किंवा बी.एड. असा बेत तिने मला सांगितला, आणि निघताना दारात थांबून विचारले, 'मॅडम, मधेच लग्न झालं तर कॉलेज काढतं का?' मी म्हटले, लग्नावरून काढत नाही. ती म्हणाली, 'आणि त्याच्या पुढचं?' मी तिला दोन कॉलेजांची माहितीपुस्तके काढून दाखवली. हजेरीच्या पानावर खेळ होते, एन.एस.एस. होते, दीर्घ आजार होता. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मी ते पान वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचले. तिने विचारले, 'बस, एवढंच?' मग तिने मला एक कागद मागितला आणि म्हणाली, यात जे नाही ते लिहून द्या, मी कॉलेजात जाऊन विचारते. मी तिला उर्दूत नको, मराठीत अर्ज लिहून दिला, खाली तिचा अंगठा घेतला आणि आवक क्रमांक मागून घ्या असे बजावले.